खाल्लं किती अन् अंगी लागलं किती



आखाड संपला, श्रावण लागला. मटणाची दुकानं थंड झाली आणि आपल्याला वही उघडून बसायला सवड मिळाली. बोकडांचा हिशेब टाका असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, तो आज टाकतोय. पोस्ट लांब आहे. ज्याला बोकड पाळायचेत त्यानं शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडं मागचं सांगतो. आमचं गाव भामा नदीच्या अंगाला, चाकणपासून जवळ. मी लहान असताना गावची गुरं-शेळ्या सकाळी माळावर जायच्या आणि दिवस मावळायला परत यायच्या. खुराक हा शब्द फक्त शर्यतीच्या बैलांसाठी होता. पुढं एमआयडीसी आली, माळाला कंपाउंड पडलं. आता शेळी बाहेर सोडली तर तिला रस्त्याकडंचं गवत आणि त्यात अडकलेल्या पिशव्या. म्हणून मीही चार वर्षांपूर्वी शेळ्या गोठ्यात घेतल्या. बंदिस्त पालन म्हणजे प्रत्येक घास आपल्या खिशातून जातो. चरायला सोडलेल्या शेळीनं काय खाल्लं हे कोणी विचारत नाही. गोठ्यातल्या शेळीला ते विचारावंच लागतं.

दोन वर्षांमागं बायकोनं बचत गटातून साठ हजार काढले आणि आम्ही दहा बोकडं घेतली. उस्मानाबादी आणि गावरान मिश्र, चार-पाच महिन्यांची. आखाडापर्यंत तयार करायची आणि विकायची, एवढा साधा बेत.

त्याच वेळी कंपनीच्या कॅन्टीनचं उरलेलं अन्न मिळायला लागलं. भात, चपात्या, कधी पुलाव. पैसे नाहीत, फक्त आपल्या गाडीनं उचलून आणायचं. मला वाटलं लॉटरी लागली. खुराकाचा खर्च वाचला! बोकडंही तुटून पडायची. पहिला महिना अंगावर चमक आली, पोटं गोल झाली. येणारा-जाणारा म्हणायचा, तात्या, माल तयार झाला.

एका दिवशी तिथं काहीतरी कार्यक्रम होता, अन्न दुपटीनं उरलं. मी दोन क्रेट भात आणि एक पोतं चपात्या आणल्या. उद्यापर्यंत वास येईल म्हणून सगळं एकाच वेळी गव्हाणीत टाकलं. चूक माझी. देणाऱ्यानं चांगल्या मनानं दिलं होतं.

रात्री दोनच्या सुमारास बायकोनं उठवलं. "अहो, गोठ्यात कायतरी कण्हतंय." जाऊन बघतो तर चार बोकडं खाली बसलेली, दात खातायत. पोट हाताला ढोलासारखं नाही, तर पाण्यानं भरलेल्या पखालीसारखं लागत होतं. हलवलं की आत डचमळायचं. पातळ आंबूस हगवण. पहाटे डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाईन लावलं. एक वाचलं. तीन दुपारपर्यंत गेली.

डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं. मोठ्या पोटात भाताची पेज भरलेली आणि वास असा की नाक झोंबलं. आतली कातडी हात लावला की सोलून येत होती. ते म्हणाले, "तात्या, हे विष नाही. हे आंबलंय."

त्यांनी जे समजावलं ते मला जन्मभर पुरेल. रवंथ करणाऱ्या जनावराचं मोठं पोट म्हणजे आंबवण्याचं पिंप. त्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते चारा कुजवतात, त्यातून जनावराला ताकद मिळते. आणि ते जिवाणू स्वतःच पुढच्या पोटात जाऊन पचतात, ती जनावराची प्रथिनं. म्हणजे आपण शेळीला खायला घालत नाही, तिच्या पोटातल्या जिवाणूंना घालतो. वाळला चारा हळू आंबतो. शेळी तो रवंथ करते, लाळ सुटते आणि लाळेत नैसर्गिक सोडा असतो, त्यानं पोटाचा आंबटपणा आटोक्यात राहतो. भात, चपाती, पीठ हे मात्र भसकन आंबतं. रवंथ नाही, लाळ नाही. आम्ल वाढतं, चांगले जिवाणू मरतात, आम्ल करणारेच माजतात. शेवटी ते आम्ल रक्तात उतरतं. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं तर चांगलं, दोन दिवस ठेवलं तर फेकावं लागतं, तसंच.

तीन बोकडं म्हणजे अठरा हजार. बायको मला एक शब्द बोलली नाही. गटाच्या मीटिंगला गेली, अंड्यांच्या पैशातून हप्ता भरून आली. तिनं बोललेलं परवडलं असतं.

उरलेली सात आखाडात चाकणच्या एका मटणाच्या दुकानदाराला दिली. सगळे त्याला मामा म्हणतात, मीही म्हणतो. उभ्या वजनावर सौदा झाला, पैसे रोख मिळाले. मला वाटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "तात्या, दुकानावर ये. तुझा माल बघून जा."

गेलो. बोकड टांगलेलं होतं. मामानं बोट घालून दाखवलं. गुर्दा दिसतच नव्हता, चरबीच्या गोळ्यात बुडाला होता. आतड्यावरची जाळी जाड, पांढरी, हातभर. फऱ्यावर मात्र मांस बेताचं. मामा म्हणाला, "वरून बघून मी फसलो. गिऱ्हाईक म्हणतं चरबी काढा, नळी टाका, फऱ्याचं द्या. ही चरबी मी कुणाला विकू? तू भात चारलास ना?"

त्यानं न बघता ओळखलं.

तिथं मला कळलं की आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी एक समजत होतो. वजन वाढणं वेगळं आणि मांस वाढणं वेगळं.

घरी येऊन यावर जेवढं वाचता आलं, विचारता आलं तेवढं केलं. परदेशात गोऱ्हे, बैल मांसासाठी पोसतात, त्यांना शेवटचे चार-सहा महिने मका भरपूर देतात. त्या जनावरांत चरबी मांसाच्या धाग्यांत बारीक रेघांसारखी उतरते. अमेरिकेत त्या रेघा बघूनच मांसाची प्रत ठरते. जपानच्या वाग्यू बैलाचं मोल त्याच रेघांचं. आपल्याकडं तो विषय नाही. गाय-वासराला १९७६ च्या कायद्यानं आणि बैल-वळूला मार्च २०१५ पासून राज्यात कत्तलबंदी आहे. मोठ्या जनावरात राहिली म्हैस आणि रेडा, आणि आपले दूधवाले रेडकाला दूधच पाजत नाहीत, ते बिचारं महिनाभरात जातं. म्हणून आपल्यासारख्याचं मांसाचं जनावर म्हणजे शेळी-मेंढी.

पण बैलाचं गणित शेळीला जसंच्या तसं लावता येत नाही. शेळीची चरबी मांसात कमी आणि कातडीखालीही कमी उतरते. ती आधी पोटात साठते, गुर्द्याभोवती आणि जाळीवर. म्हणजे तुम्ही मका-भात चारून जी चरबी चढवता ती खाटकाच्या टोपलीत जाते. आपण घास विकत घेऊन कचरा तयार करतो.

दुसऱ्या वर्षी परत बोकडं भरायची म्हटल्यावर बायको म्हणाली, "भरा. पण अंदाजानं नको. वहीत लिहा." वही तिनंच आणली, शंभर पानी.

यंदा बारा बोकडं होती. पाच घरची, सात बाजारातून. आंत्रविषाराची लस टोचून घेतली, जंताचं औषध दिलं, पंधरा दिवस सगळ्यांना एकसारखं खाऊ घातलं. मग सरासरी पंधरा किलोची सहा-सहाची दोन खोपी केल्या. नव्वद दिवस. दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी काट्यावर. उपाशीपोटी हे महत्त्वाचं, कारण भरल्या पोटाचं बोकड दोन-अडीच किलो खोटं वजन दाखवतं. बाजारात मीठ चारून पाणी पाजतात ते उगीच नाही.

पहिली खोप जुन्या पद्धतीची. कॅन्टीनचं अन्न आता बंद, पण विचार तोच: दाणा भरपूर, चारा नावाला. रोज एका बोकडाला हळूहळू वाढवत ५५० ग्रॅम मका भरडा आणि गहू भुसा, २०० ग्रॅम कडबा.

दुसरी खोप डॉक्टरांनी सांगितलेली. रोज २५० ग्रॅम मिश्रण, दीड किलो हिरवा पाला आणि २०० ग्रॅम तुरीचं भुसकट. मिश्रण शंभर किलोचं असं: मका भरडा ४०, शेंगदाणा पेंड २५, गहू भुसा २०, तूर चुणी १२, खनिज मिश्रण २, मीठ १. पाला म्हणजे शेवरी, मेथीघास आणि सुबाभूळ. सुबाभूळ बांधावर आहे, फुकट आहे, पण तीच पोटभर घालू नका. तिच्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात. एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. हे झाड आपल्याकडं चाऱ्यासाठी पसरवण्यात उरुळीकांचनच्या बाएफचा मोठा वाटा आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली संस्था ती.

आता आकडे.

पहिली खोप: नव्वद दिवसांत सरासरी साडेसहा किलो वाढ. १५ चे २१.५ किलो. एका किलो वाढीला पाणी सोडून कोरडा धरलेला खुराक ९.३ किलो. खर्च किलोमागं २४१ रुपये.

दुसरी खोप: ७.६ किलो वाढ. १५ चे २२.६ किलो. किलो वाढीला कोरडा खुराक ८.७ किलो. खर्च १७३ रुपये.

(भाव माझ्या वहीतले: भरडा-भुसा साधारण २८, मिश्रण ३४, कडबा १०, भुसकट ८. हिरवा पाला घरचा असला तरी कापणीची मजुरी धरून किलोला तीन रुपये लावलेत. घरचं फुकट धरलं की हिशेब नेहमी गोड दिसतो.)

नीट बघा. खुराक ९.३ आणि ८.७, यात फार फरक नाही. शेळी काही कोंबडी नाही. ब्रॉयलर पावणेदोन किलोच्या आसपास खाद्यात किलोभर वाढतो. परदेशातला मक्यावरचा बैलसुद्धा सहा-सात किलोत किलो देतो. आपली शेळी आठ-नऊ मागते, ते मान्य करूनच धंद्यात या. पण ती पाला-भुसकट खाऊन वाढते, जे माणूस खात नाही. कोरडं धरलं तर दुसऱ्या खोपीनं दाणा तिसऱ्या हिश्श्याच्या आत खाल्ला, बाकी सगळा पाला आणि भुसकट. खर्चातला सगळा फरक तिथंच आहे.

दाणा जास्त असून पहिली खोप मागं का? कारण मका म्हणजे ताकद, पण मांस बनायला प्रथिनं लागतात. वाढत्या बोकडाच्या एकूण खाण्यात १४ ते १६ टक्के प्रथिनं हवीत. मका भरड्यात साधारण नऊ, भुशात चौदा-पंधरा, कडब्यात चारच्या आसपास. सगळं मिळून कमीच पडतं. विटा भरपूर, गवंडी नाहीत, अशी गत. उरलेली ताकद जनावर फेकून देत नाही, चरबी करून साठवतं. शेंगदाणा पेंड, मेथीघास, शेवरी ही गवंड्याची भरती. पेंड घेताना वास घ्या. बुरशी असली तर फुकट मिळाली तरी नको.

पहिल्या खोपीत आणखी एक घडलं. एका बोकडाची लघवी अडली. पाठ वाकवून कण्हायचं, थेंब पडायचा नाही. डॉक्टरांनी शेंड्याची बारीक नळी कापली तेव्हा मोकळं झालं, आतून रेतीसारखे खडे निघाले. दाणा आणि भुसा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यातून हे होतं. दुसऱ्या खोपीत मेथीघासाचं कॅल्शियम होतं, खनिज मिश्रण होतं, मिठामुळं पाणी जास्त प्यायचे. तिथं असं काही झालं नाही.

मग आखाडात परत मामाकडं. त्याला म्हटलं, दोन्ही खोपीतली दोन-दोन माझ्यासमोर काप, मला वजनं लिहायचीत. तो हसला, पण तयार झाला.

मुंडी, पाय, कातडं, आतलं सगळं काढून टांगलेलं धड: पहिल्या खोपीचं सरासरी १० किलो, दुसऱ्याचं १०.६. टक्केवारी काढली तर ४६.५ आणि ४६.९. म्हणजे जवळपास सारखीच. मी जरा नाराज झालो. मामा म्हणाला, थांब. दाणा खाणाऱ्याचं पोट लहान राहतं, म्हणून टक्का बरा दिसतो. आता आतली चरबी काट्यावर टाक. पहिल्याची किलो-सव्वा किलो. दुसऱ्याची अर्धा किलो.

आणि धडावर बोट ठेवून त्यानं फरा दाखवला. दुसऱ्या खोपीचा फरा भरलेला, मांस घट्ट, वर चरबीचा पातळ पापुद्रा. "हा पापुद्रा पाहिजे," म्हणाला. "एकदम कोरडं जनावर टांगलं की मांस काळं पडतं, शिजल्यावर चिवट लागतं." म्हणजे चरबी अजिबात नको असंही नाही. थोडी हवी, योग्य जागी हवी.

त्याच दिवशी त्याच्याकडं रस्त्याकडंला चरणारी एक शेळी आलेली. वजन अठरा किलो, पोट टमटमीत. धड भरलं साडेसात. पोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा नारळाएवढा गोळा निघाला. तो गोळा घेऊन ती शेळी किती महिने फिरत होती कुणास ठाऊक. खायची, पण अंगी लागत नव्हतं. मला आमच्या जुन्या माळाची आठवण झाली. दुकानातून बाहेर येऊन मी थोडा वेळ गाडीवर तसाच बसून राहिलो.

वहीतली आणखी एक गोष्ट. दुसऱ्या खोपीत पहिल्या महिन्यात रोज १०० ग्रॅम वाढ होती, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ६८. बाजारातून आणलेलं उपाशी जनावर सुरुवातीला भराभर भरतं, पुढं वेग कमी होतो आणि वाढीत चरबीचा हिस्सा वाढतो. त्याच खर्चाला पहिल्या महिन्यात किलो १४६ रुपयांत पडला, तिसऱ्यात २१५ ला. म्हणून "अजून महिनाभर थांबू, अजून भरेल" हा मोह काट्यावर तपासून बघा. ईदचा माल असेल तर गोष्ट वेगळी. तिथं दात, शिंगं, रुबाब याचे पैसे मिळतात. मटणाच्या मालाला रुबाबाचे पैसे नाहीत.

आता खरं ते सांगतो. चाकणच्या शनिवारच्या बाजारात आतली चरबी कोणी विचारत नाही. व्यापारी पाठीवर हात फिरवतो, उचलून बघतो, भाव सांगतो. तिथं माझी पहिली खोप आणि दुसरी खोप एकाच भावानं गेली असती. यंदा मामानं बाराही बोकडं ४५० रुपये किलोनं घेतली, दोन्ही खोपींना एकच भाव. पण पुढच्या आखाडाला दुसऱ्या खोपीसारखा माल दिला तर किलोमागं दहा रुपये जादा देतो म्हणालाय. शब्द तोंडी आहे, बघू. मात्र खर्चातला फरक तोंडी नाही. एका बोकडामागं खुराकाचे अडीचशे रुपये वाचले आणि किलोभर वजन जास्त मिळालं. हे पैसे बाजारानं दिले नाहीत, गव्हाणीतच वाचले.

हे बारा बोकडांचं गणित आहे, विद्यापीठाचा प्रयोग नाही. तुमची जात, तुमचा चारा, तुमचे भाव वेगळे असतील. माझे आकडे उचलू नका, पद्धत उचला. काटा आणा, वही आणा. दाणा वाढवायचा असेल तर आठ-दहा दिवस घेऊन थोडा-थोडा वाढवा. आधी वाळला चारा, मग दाणा. लग्नाचं, कॅन्टीनचं शिळं अन्न कोणी दिलं तर हात जोडा. आणि रात्री कधी दात खाल्ल्याचा आवाज आला तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरला फोन लावा. आम्ही पहाटेपर्यंत थांबलो होतो.

गटाचं कर्ज गेल्या सोमवारी फिटलं. बायको मीटिंगहून आली आणि वहीच्या शेवटच्या पानावर तिनं स्वतः लिहिलं: "साठ हजार, फिटले." खाली तारीख. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आठच घ्या. पाला आठांनाच पुरतो."

बरोबर आहे तिचं. आठच घेणार. दसऱ्याला पहिलं वजन टाकतो इथंच.

तुमच्याकडं किलो वाढीला किती खर्च येतो ते खाली लिहा. अंदाज नको, वहीतलं लिहा.

राम राम.